घड्याळजींचे रीळ आणि जिताड्याचे पाणी

हमरापूरचे नाव निघाले की गणपतीचे कारखाने आठवतात, आणि ते रास्तच आहे. पण पेण तालुक्यातल्या या गावावरून पश्चिमेला दादर-राव्याच्या बाजूला निघाले की साचे आणि रंगांचा मुलूख मागे पडतो आणि खारेपाट सुरू होतो. बांध, उघाड्या, खाजण, भरतीला फुगणारे आणि ओहोटीला चिखल उघडा टाकणारे पाणी. पाताळगंगा आणि अंबा याच पट्ट्यातून धरमतरच्या खाडीला मिळतात. या निमखाऱ्या पाण्यातला मानाचा मासा म्हणजे जिताडा. पेण-अलिबागकडे तो तळ्यांत वाढवतात आणि पाहुण्याला वाढताना त्याचे नाव आवर्जून सांगतात. हाच मासा ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणून ओळखला जातो, आणि तिथल्या हौशी गरवणाऱ्यांनी त्याच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या हाताशी धरले ते दांडीच्या माथ्यावर बसणारे गोल बेटकास्टिंग रीळ. त्या रिळाचे जुने, पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे नमुने काचेच्या कपाटात ठेवायच्या वस्तू मानले जातात. हे मला पटत नाही. ते खाडीवर न्यायचे हत्यार आहे, आणि ते उघडून साफ करणे हा त्याच्या आनंदाचाच भाग आहे. तो भाग वगळला तर उरते ती नुसती संग्रहाची हौस.

या म्हणण्याचा पहिला पुरावा रिळाच्या जन्मातच आहे. हँडलच्या एका फेऱ्यात दोर गुंडाळणारा स्पूल अनेक वेळा फिरावा, ही कल्पना अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्येही होती. पण ती खऱ्या अर्थाने कामाला आली अमेरिकेतल्या केंटकीत. तिथल्या पॅरिस नावाच्या गावात जॉर्ज स्नायडर हा घड्याळजी आणि चांदीकाम करणारा कारागीर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अशी रिळे घडवू लागला. त्याच्यामागून फ्रँकफोर्टच्या मीक बंधूंनी ती इतकी नेटकी केली की केंटकी रीळ ही त्या कामाची ओळख ठरली. मीक बंधूही घड्याळजीच होते. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी स्वीडनमधल्या स्वेंग्स्टा गावात तेच घडले. कार्ल ऑगस्ट बोरिस्ट्रम यांनी 1921 साली काढलेला आबूचा कारखाना खिशातली घड्याळे आणि टॅक्सीचे मीटर बनवत असे. दुसऱ्या महायुद्धाने मीटरची निर्यात आटवली, तेव्हा त्यांचा मुलगा यॉटे याने त्याच यंत्रांवर आणि त्याच कारागिरांच्या हातून रिळे करायला घेतली. 1952 सालचे लाल रंगाचे ॲम्बॅसेडर 5000 हे त्या घराण्याचे सर्वांत नामांकित अपत्य. घड्याळजी जे करतो ते उघडण्यासाठीच करतो. बंद करून विसरायची वस्तू त्याच्या हातून निघत नाही. जुन्या ॲम्बॅसेडरबरोबर चामड्याचा डबा मिळे, आणि त्यात छोटा पाना, तेलाची नळी आणि काही सुटे भाग असत. ग्राहक हे रीळ उघडणार, झिजलेले बदलणार, हे बनवणाऱ्याने गृहीत धरले होते.

रिळाची रचना समजली की ही देखभाल लहर नाही, गरज आहे, हे लक्षात येते. स्पिनिंग रिळात स्पूल जागेवर थांबून असतो आणि तंगूस, म्हणजे गळाची दोरी, त्याच्यावरून सुटत जाते. ओढताना ती रिळाशी काटकोनात वळते. बेटकास्टरमध्ये स्पूल स्वतः फिरतो आणि तंगूस सरळ त्याच्यावर येते. जिताडा आमिष घेतो आणि लगेच तिवरांच्या मुळांकडे धाव घेतो. त्याला चार हातांत थोपवायचे असते, आणि त्या वेळी ही सरळ ओढ उपयोगी पडते. पण फिरत्या स्पूलची एक किंमत आहे. फेक टाकताना आमिषाचा वेग हवेत कमी होत जातो, स्पूलचा मात्र तितका होत नाही. सुटणारी तंगूस मागून येणाऱ्या वळ्यांत अडकते आणि क्षणात गुंता होतो. त्यावर पहिला उपाय म्हणजे अंगठा. स्पूलवर अंगठा हलका टेकवून ठेवायचा आणि आमिष पाण्याला लागताक्षणी दाबायचा. दुसरा उपाय ॲम्बॅसेडरच्या पोटात आहे. स्पूलच्या दांड्यावर आडव्या काडीवर दोन छोटे ठोकळे सैल बसवलेले असतात. स्पूल जोरात फिरला की ते बाहेर सरकून एका कड्याला घासतात, वेग उतरला की मागे हटतात. या कड्यावर ग्रीसचा लपका बसला की ब्रेक बेभरवशाचा होतो, आणि गरवणारा मात्र आपल्या अंगठ्याला दोष देत राहतो.

मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो तंगूस समान गुंडाळणाऱ्या भागाचा. अमेरिकेतल्या कॅलमाझूच्या विल्यम शेक्सपियर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा रिळाचा मार्ग खुला केला, आणि पुढे ते वळण सर्वांनी घेतले. एका दांड्यावर डावी आणि उजवी अशी दोन मळसूत्रे एकमेकींना छेदून कोरलेली असतात आणि दोन्ही टोकांना ती एकमेकींत मिसळतात. त्या खाचेत चंद्रकोरीच्या आकाराची, नखाएवढी खिटी चालते. खिटी टोकाला पोहोचली की दुसऱ्या मळसूत्रात शिरते आणि उलटी परतते. तिच्यासोबत तंगूस धरणारी कडी डावी-उजवीकडे जाते. सगळा भार त्या इवल्याशा पात्यावर असतो. खाडीचा बारीक गाळ आणि वाळलेले मीठ खाचेत साठले की खिटीची धार जाते, कडी टोकाला अडकू लागते, आणि लोक म्हणतात, रीळ गेले. गेलेली असते ती खिटी, किंवा बऱ्याचदा फक्त घाण. टोकाची टोपी काढून खिटी बाहेर घ्यावी, रॉकेलमध्ये धुवावी, मळसूत्र जुन्या टूथब्रशने घासावे, तेलाचा एक थेंब सोडावा. खिटीचे पाते बोथट झाले असेल तर ते घासत बसू नये, नवे बसवावे. मोठी पितळी दंतचक्रे, ड्रॅगच्या (माशाची ओढ आवरणाऱ्या ब्रेकच्या) चकत्या आणि बेअरिंग यांची पाळी त्यानंतर येते: दंतचक्राला थोडे ग्रीस, बेअरिंगला पातळ तेल, आणि चकत्या कोरड्या कापडाने पुसायच्या. जुन्या काही रिळांच्या चकत्यांत ॲसबेस्टॉस असे, म्हणून त्या घासून धूळ उडवणे टाळावे आणि शंका असेल तर सरळ नव्या बसवाव्यात.

इथे खाऱ्या पाण्याचा मुद्दा येतो, आणि या युक्तिवादातला सर्वांत जड आक्षेपही. गोड्या पाण्यासाठी घडवलेले रीळ धरमतरच्या मिठात न्यावे का? आक्षेप खरा आहे. ॲल्युमिनियमच्या तबकड्या, पितळी चक्रे आणि पोलादी स्क्रू एकमेकांना टेकलेले असताना मिठाचे पाणी मध्ये राहिले की हलका धातू झिजतो; तबकडीवर पांढरी पूड येते, पितळावर हिरवा थर. मीठ माफ करत नाही. तरीही यातून रीळ घरी ठेवावे असा निष्कर्ष निघत नाही, परतल्यावर ते त्याच दिवशी धुवावे एवढाच निघतो. गोड्या पाण्याची हलकी धार, सावलीत वाळवणे आणि ड्रॅग सैल करून ठेवणे पुरते. मोसम संपल्यावर एकदा सगळे उघडून साफ केले की पुढच्या पावसाळ्यापर्यंत निश्चिंती.

दुसरा आक्षेप नव्या रिळांचा आहे. चुंबकीय ब्रेक, हलके वजन, अधिक वेगाचे गुणोत्तर, गुंता जवळजवळ न होणे, हे सगळे फायदे मान्य आहेत. जुन्या 5000चे गुणोत्तर साधारण 3.6 ला 1 आहे, आजच्या रिळांचे त्याच्या दुप्पट. भराभर ओढायचे आमिष असेल तर नवे रीळ घ्यावे, याबद्दल दुमत नको. पण कमी गुणोत्तराला जोर जास्त असतो, आणि मुळांकडे धावणारा मासा खेचून आणताना वेगापेक्षा जोर लागतो. कोणी म्हणेल, खारेपाटातल्या माणसाला रीळच कशाला हवे; पाग आणि हातदोर पिढ्यान्‌पिढ्या पुरली. पोटासाठी मासे धरणाऱ्याला ती पुरतातच, आणि त्याच्यापुढे हौशी माणसाने शहाणपणा मिरवू नये. रिळाचा विषय आनंदाचा आहे, आणि तो फेक अंगठ्याने सांभाळण्याच्या कसबात आहे.

राहिला सुट्या भागांचा प्रश्न. अनेक जुन्या कंपन्यांच्या बाबतीत तो अवघड आहे. ॲम्बॅसेडरच्या बाबतीत मात्र रचना दशकानुदशके फार बदलली नाही, त्यामुळे नव्या रिळाची खिटी, ब्रेकचे ठोकळे किंवा चकत्या जुन्यातल्या कित्येक नमुन्यांना बसतात. 1970 च्या दशकापासून अशा रिळाच्या पायाखाली कोरलेल्या आकड्यात वर्ष आणि महिना दडलेला असतो, म्हणून आपल्या हातातले रीळ कधीचे ते कळून योग्य भाग मागवता येतो. घेताना मात्र रंगावर भुलू नये. हँडल सावकाश फिरवून कडी दोन्ही टोकांना न अडखळता परतते का ते पाहावे, स्पूल मोकळा सोडून कानाशी घरघर ऐकावी, पाया आणि चौकट वाकलेली नाही ना ते सपाट काचेवर ठेवून तपासावे. रंग उडालेले, ओरखडे पडलेले पण चौकट शाबूत असलेले रीळ बिनधास्त घ्यावे. चकचकीत पण वाकलेल्या चौकटीचे दुकानातच ठेवावे.