संगत सुटायची तर घर हवे

सुरतेत 'पाटिया' म्हणजे गावाकडे वळणारा फाटा. पर्वत गावाचा हा फाटा आता शहराच्या पोटात आला आहे. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरहून ताप्ती लाइनच्या गाडीने आलेली आपली कितीतरी खान्देशी कुटुंबे इथे आणि शेजारच्या लिंबायत, गोडादरा भागात स्थिरावली. आजोबा-वडील लूम्सवर राबले, म्हणून आज आपल्याला पक्के घर आहे.

मित्रांनो, सिग्नलवर फुगे विकणारी किंवा भंगार वेचणारी मुले दिसली की आपण सहज म्हणतो, "वाईट संगतीने बिघडली." मला हे अर्धेच खरे वाटते. मुलाला रस्त्यावर आणते ती गरिबी. तिथे त्याला धरून ठेवते ती संगत. कुठे झोपायचे, भंगार कोण विकत घेतो, कोणापासून लांब राहायचे, हे त्याला टोळीतला मोठा मुलगाच शिकवतो. स्वतःच्या वड्यातला अर्धा तोच देतो. आणि गुटख्याची पुडी किंवा पंक्चरच्या सोल्युशनचा बोळाही तोच पुढे करतो.

मित्रांचा दबाव आपल्यालाही असतोच. पण आपण "नको" म्हणून घरी येऊ शकतो. त्या मुलाने नकार दिला, तर टोळी सुटते आणि रात्र एकट्याने काढावी लागते. म्हणून नुसता उपदेश तिथे चालत नाही. त्याला दुसरी संगत द्यावी लागते.

हे होऊ शकते. मुंबईत 1988 साली सुरू झालेल्या 'डोअर स्टेप स्कूल'ने मुलांनी शाळेत यायची वाट पाहिली नाही. शाळाच वस्तीत नेली, पुढे बसमध्येही वर्ग भरवले. शेजारचा मित्र वर्गात बसलेला दिसला की दुसराही येतो. तीच संगत, फक्त दिशा बदललेली.

कायदाही बाजूने आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार 6 ते 14 वर्षांच्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळतो. जन्मदाखला नाही म्हणून शाळा नाकारू शकत नाही. सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत, तर भीक मागायला लावणाऱ्याला 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आपण काय करावे? सिग्नलवर नाणे देऊन मोकळे होऊ नये. एकटे, आजारी किंवा नशेत असलेले मूल दिसले तर 1098 वर फोन करावा; तो मोफत आहे आणि 24 तास चालू असतो. आपल्या मंडळातल्या कॉलेजच्या मुलामुलींनी रविवारी दोन तास जवळच्या वस्तीत वाचन घ्यावे. एकट्या मुलाला नव्हे, त्याच्या सगळ्या टोळीला बोलवावे. आणि एकदा सुरू केले की मध्येच सोडू नये. सोडून गेलेली माणसे या मुलांनी आधीच खूप पाहिली आहेत.