पुन्हा तेच बेट : कंटाळा नेमका कशाचा येतो?



मागच्या व्याख्यानानंतर एक गृहस्थ मागे थांबले होते. वयाने आमच्याच आसपासचे. त्यांची मुलगी अमेरिकेत, फ्लोरिडात असते. दर हिवाळ्यात ती आईवडिलांना बोलावून घेते आणि आठवडाभर कॅरिबियन समुद्रात जहाजावरून फिरवून आणते. तीन खेपा झाल्या, यंदाची चौथी. ते म्हणाले, "सर, तीच बेटं, तोच बाजार, तेच निळं पाणी. आता नको वाटतं. पण पोरगी एवढा खर्च करते, तिला कसं सांगायचं? आणि एवढ्या सुखाचाही कंटाळा येतो म्हणजे खोट आमच्यातच आहे का?"

आम्ही त्यांना म्हटलं, पुढच्या वेळी यावरच बोलू. प्रश्न वरवर सहलीचा दिसतो, पण उतारवयात तो आपल्या प्रत्येकापुढे येतो. या वयात नवीन फार थोडं उरतं. तेच घर, तीच माणसं, तोच रंकाळा. त्याचं पुढे काय करायचं?

आधी ही सहल असते कशी ते पाहू. मायामीसारख्या बंदरातून जहाज सुटतं आणि साधारण सात रात्रींचा फेरा मारून तिथेच परत येतं. वाटेत तीन-चार बंदरं. बहामाचं नासाऊ, मेक्सिकोचं कोझुमेल, सेंट थॉमस, सेंट मार्टेन ही नावं पुन्हा पुन्हा येतात. त्याचं कारण साधं आहे. हजारो प्रवाशांचं जहाज लागायला तसा धक्का पाहिजे, आणि आठवड्यात परतायचं तर अंतरही बेताचंच पाहिजे. त्यामुळे समुद्र कितीही मोठा असला तरी यादी छोटीच राहते. जहाज सकाळी लागतं, संध्याकाळी सुटतं. धक्क्याबाहेर पडलं की दागिन्यांची, घड्याळांची, टी-शर्टांची दुकानं. काही कंपन्यांनी तर बहामातली छोटी बेटंच स्वतःकडे घेतली आहेत. तिथे गाव नाही. किनारा, छत्र्या, खुर्च्या आणि जेवण. म्हणजे बेट कसलं, जहाजाचंच अंगण ते.

आपल्याकडेही 2021 पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप असं जाणारं 'एम्प्रेस' जहाज सुरू झालं. गंमत अशी, की हे जहाज 1990 साली 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने पाण्यात आलं ते मायामीहून बहामाच्या छोट्या फेऱ्या करण्यासाठी. पुढे नाव बदललं, मालक बदलले, आणि तेच जहाज अरबी समुद्रात आलं. समजा, तिकडे नासाऊला कंटाळलेला एखादा प्रवासी त्याच जहाजाने इकडे गोव्याला आला. त्याचा कंटाळा जाईल का? पहिल्या खेपेला जाईल. चौथ्या खेपेला तो पुन्हा तिथेच उभा असेल. मग कंटाळा त्या बेटाचा होता, असं म्हणता येईल का?

आपल्या बोलण्यातला एक प्रयोग बघा. "गोवा बघून झालं" असं आपण सहज म्हणतो. जेवून झालं, वाचून झालं, तसंच बघून झालं. म्हणजे ती गोष्ट संपली, ताट उचलायला हरकत नाही. पण "आईला बघून झालं" असं कोणी म्हणत नाही. तिथे आपण "भेटून आलो" म्हणतो, आणि भेटून आलेला माणूस पुन्हा भेटायला जातोच. पहिल्या दिवशी बेटाच्या बाबतीत दोन्ही शक्य असतं. आपण बहुतेक वेळा ते फक्त बघतो.

डॅनिश तत्त्ववेत्ता किर्केगार्द याने 1843 साली 'पुनरावृत्ती' या विषयावर एक छोटं पुस्तकच लिहिलं. त्यातला निवेदक पूर्वी बर्लिनला जाऊन आलेला असतो, फार आनंदात राहिलेला असतो. तो आनंद पुन्हा मिळतो का, हे पाहायला तो मुद्दाम दुसऱ्यांदा जातो. तीच राहण्याची जागा, तेच नाटकगृह. पण मधल्या काळात घरमालकाचं लग्न झालेलं असतं, म्हणून पूर्वीसारखी जागा मिळत नाही. नाटकगृहात हवी तशी बैठक मिळत नाही, आणि ज्या प्रहसनाला मागे पोट धरून हसला होता ते अर्ध्या तासात नकोसं होतं. वैतागून तो परत येतो.

आता त्याचं चुकलं कुठे? बर्लिन बदललं होतं, आणि त्याला तर मागचंच बर्लिन हवं होतं. समोरचं शहर त्याच्या आठवणीतल्या शहराच्या आड येत होतं. कॅरिबियनला चौथ्यांदा गेलेला माणूस "पहिल्यासारखं वाटत नाही" म्हणतो, तेव्हा त्याचीही तक्रार हीच असते. पहिलेपणाची पुनरावृत्ती मागितली तर ती मिळणार कशी?

त्याच वर्षी आलेल्या त्याच्या दुसऱ्या एका ग्रंथात कंटाळ्यावर एक प्रकरण आहे. त्यात तो शेतीचा दाखला देतो. कंटाळा आला की माणसं जमीन बदलत जातात, गाव सोडून शहर, देश सोडून परदेश. दुसरा उपाय म्हणजे जमीन तीच ठेवून कसण्याची रीत बदलायची. हे सांगणारं पात्र मोठं खुशालचेंडू आहे, त्याचं सगळंच काही घेण्यासारखं नाही. पण दाखला आपल्या भागात लगेच कळतो. आपल्याकडे उसाची लागण असते, मग त्याच बुडख्यातून खोडवा येतो, मग निडवा. दरवेळी उतारा थोडा घटतो हे खरं. पण खोडवा हे फुकटचं पीक समजून ज्याने बगला फोडल्या नाहीत, खत टाकलं नाही, त्याचा उतारा जास्तच घटतो. पहिल्या सहलीआधी आपण नकाशा बघतो, माहिती काढतो, चौकशा करतो. चौथ्या सहलीला फक्त बॅग भरतो. म्हणजे खोडव्याला खत टाकत नाही, आणि ऊस वाढला नाही म्हणून रानाला दोष देतो.

आता आपल्या परंपरेतलं एक उदाहरण. माघाच्या 'शिशुपालवध' काव्याच्या चौथ्या सर्गात श्रीकृष्ण इंद्रप्रस्थाला जाताना रैवतक पर्वतापाशी येतो. द्वारकेजवळचा हा पर्वत त्याने कितीदा पाहिलेला. तरीही कधी न पाहिल्यासारखं आश्चर्य त्याला वाटतं. आणि कवी तिथे रमणीयतेचं लक्षण सांगतो, की जे क्षणोक्षणी नवं होत राहतं ते रमणीय. हे लक्षण सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते नेहमीच्या डोंगराबद्दल आहे हे आपण विसरतो.

यामागची गोष्ट आपल्या दर्शनांनी 'प्रत्यभिज्ञा' या नावाने मांडली. प्रत्यभिज्ञा म्हणजे ओळख पटणं. त्याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे "तोच हा देवदत्त". यात दोन शब्दांचं काम आहे. 'तो' म्हणजे पूर्वी पाहिलेला, आठवणीतला. 'हा' म्हणजे आत्ता डोळ्यांपुढे उभा असलेला. दोन्ही एकत्र आले की ओळख होते. आमचं म्हणणं असं आहे, की कंटाळा ही अर्धवट राहिलेली ओळख आहे. बेट दिसलं, मनाने 'तेच ते' म्हटलं आणि डोळे मिटून घेतले. 'हे' पाहिलंच गेलं नाही.

कोल्हापुरात याचं रोकडं उदाहरण आहे. अंबाबाईचा किरणोत्सव. नोव्हेंबरात 9, 10, 11 आणि पुढे 31 जानेवारी, 1 व 2 फेब्रुवारी, या सुमारास मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, मग वर सरकत चेहऱ्यापर्यंत. तारखा ठरलेल्या, मूर्ती तीच, सूर्य तोच. तरीही संध्याकाळी घरोघर विचारणा होते, आज किरणं कुठवर आली? कारण ती येतीलच असं नाही. कधी ढग, कधी हवेतली धूळ, कधी वाटेतला अडथळा. काही मिनिटांचा खेळ असतो. तिथे उभ्या असलेल्या माणसाला मागच्या वर्षीचं सगळं आठवत असतं, आणि नजर मात्र आजच्या किरणावर असते. 'तो' आणि 'हा' दोन्ही जागे असतात.

वारीचंही तसंच. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस, वाखरी. मुक्काम ठरलेले, दिंड्यांचा क्रम ठरलेला, संध्याकाळचा हरिपाठ तोच. नावीन्याच्या हिशेबाने पाहिलं तर याहून कंटाळवाणा प्रवास नसेल. शिवाय इतकं चालून गेल्यावर कितीतरी जण गर्दीमुळे कळसाचं दर्शन घेऊन माघारी फिरतात. वारकरी दमतो, पायाला फोड येतात. पण दमणं वेगळं आणि कंटाळणं वेगळं. या वर्षी पेरणी करून निघालो की तशीच टाकून, पाऊस कुठे गाठला, दिंडीतलं कोण यंदा आलं नाही, हे दर खेपेला निराळं असतं. एकदा पंढरपूरला जाऊन आलेल्याला आपण वारकरी म्हणतही नाही. पुन्हा पुन्हा जाणं त्या शब्दातच आहे.

इथे कुणी म्हणेल, सर, भक्तीची आणि चैनीची तुलना कशी करता? आक्षेप रास्त आहे, आणि आम्ही दोन्ही एका तागडीत घालत नाही. वारीलाही कुणी निव्वळ सवयीने जात असेल. उलट जहाजावर वर्षानुवर्षं जाणारी माणसं आहेत, त्यांना बेटाशी फारसं देणंघेणं नसतं. बंदर आलं तरी ती उतरत नाहीत. पहाटेची डेकवरची ठरलेली खुर्ची, समुद्र, ओळखीचा वाढपी, यासाठी ती जातात. त्यांना बेटांचा कंटाळा आलेला असतो आणि प्रवासाचा आलेला नसतो. ती भेटायला जातात ती समुद्राला.

आमच्या पेशातलीही एक कबुली देतो. आम्ही अनेक वर्षं बी.ए.च्या वर्गाला देकार्तची तीच चिंतनं शिकवली. काही वर्षं फार कंटाळा आला, आणि दोष आम्ही पोरांना दिला, पाठ्यक्रमाला दिला. आता कळतं, त्या वर्षी आम्ही पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून दाखवत होतो. समोर बसलेली मुलं त्या वर्षी पहिल्यांदाच संशय घ्यायला शिकत होती. आम्ही वर पाहिलं नाही. ती वर्षं परत येत नाहीत, याची हुरहुर आहे.

पण सगळा दोष बघणाऱ्यावर टाकणंही बरोबर नाही. काही जागा अशाच बनवलेल्या असतात की तिथे 'हा' उरूच नये. विकत घेतलेलं बेट, त्यावर मांडलेल्या खुर्च्या, दर आठवड्याला तेच जेवण. तिथे गाव नाही, म्हणून गावात काही घडतही नाही. आठ तासांच्या मुक्कामात धक्क्याजवळच्या बाजारापलीकडे जाता येत नसेल, तर कंटाळा येणं हे शाबूत मनाचं लक्षण आहे. त्याची लाज वाटायचं कारण नाही.

तेव्हा त्या गृहस्थांना आमचं उत्तर असं. खोट तुमच्यात नाही. गेलात तर खोडव्याला थोडं खत टाकून जा. तुमच्या-आमच्या पिढीने ही बेटं आधी क्रिकेटमधून ऐकली. 1971 साली गावसकरांनी पहिल्याच मालिकेत चार कसोटींत 774 धावा केल्या, तेव्हा किंग्स्टन, पोर्ट ऑफ स्पेन, ब्रिजटाऊन ही नावं आपल्या कट्ट्यावर घरची झाली होती. तुमचं जहाज ब्रिजटाऊनला लागणार असेल तर दुकानं सोडा आणि केन्सिंग्टन ओव्हल बघून या. तिथला एखादा म्हातारा भेटला तर त्याला 1971 विचारा.

आणि नको असेल तर मुलीला सांगा. सरळ सांगा. बेट हे निमित्त आहे. जहाज तिने का निवडलं असेल? आईचे गुडघे दुखतात, रोज बॅगा उचलाव्या लागत नाहीत, स्वयंपाक नाही, आणि तिच्या मोजक्या रजेतला पूर्ण आठवडा तुम्ही तिघं एकत्र असता. दरवर्षी तुम्ही बेटाकडे पाहून 'तेच ते' म्हणताय. तीन वर्षांत मुलीत काय बदललं, हे पाहिलंत का? तिलाही तुमच्यात दरवर्षी काही बदललेलं दिसत असणार. कदाचित म्हणूनच ती बोलावते.

आम्हाला तर शंका आहे, की तुम्ही विषय काढलात तर ती म्हणेल, "बाबा, मलाही कंटाळा आलाय, पण तुम्हाला आवडतं म्हणून मी तिकिटं काढते." तसं झालं तर हसा, आणि पुढचा आठवडा कुठे काढायचा ते दोघं मिळून ठरवा. ते गृहस्थ आज आले असतील तर काय झालं ते आम्हाला नंतर जरूर सांगावं.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.