हौसेला मोल किती?

(द्वितीय वर्ष कला)

'हौसेला मोल नाही' अशी आपल्याकडे म्हण आहे. हौस असली म्हणजे माणूस पैशाकडे पाहत नाही, एवढाच तिचा अर्थ मी आजवर समजत होतो. गेल्या दिवाळीत मात्र या म्हणीवरून आमच्या घरात चांगलेच वाजले, आणि तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

झाले असे. माझा मामेभाऊ चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. रोजची हजेरी ६०० रुपये. पुण्यात एका नामांकित गायकाचा कार्यक्रम होता. साधे तिकीट १,५०० रुपयांचे; पण ६,००० रुपये भरले तर कार्यक्रमापूर्वी गायकाची 'भेट' आणि त्याच्यासोबत एक छायाचित्र. या प्रकाराला 'मीट अँड ग्रीट' असे नाव आहे. भावाने दिवाळीच्या पैशांतून ६,००० रुपये भरले. तीन तास तो रांगेत उभा राहिला. मग एका पडद्यापुढे त्याला गायकाशेजारी उभे करण्यात आले, दिवा चमकला, आणि "चला, पुढे चला" म्हणत कोणीतरी त्याचा दंड धरून त्याला बाजूला केले. सगळा मामला दहा सेकंदांचा! ते छायाचित्र मामीने चौकटीत बसवून देवांच्या तसबिरींशेजारी लावले आहे. त्यात भाऊ तोंडभर हसतो आहे. गायक मात्र बाजूला, बहुधा रांगेतल्या पुढच्या माणसाकडे, पाहतो आहे.

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे चार पुस्तकांचे शहाणपण दाखवण्याची खोड मला लागली आहे, हे मी कबूल करतो. मी पटकन बोलून गेलो, "दादा, दहा सेकंदांना सहा हजार? हा शुद्ध वेडेपणा झाला." तो शांतपणे म्हणाला, "तुझ्या ॲडमिशनला मी तीन हजार दिलं, तवा हिशेब मागितला का रं?"

मी गप्प बसलो. वाद तेथेच संपला, पण प्रश्न संपला नाही. प्रसिद्ध व्यक्तीच्या भेटीसाठी पैसे मोजणे योग्य की अयोग्य? रागाच्या भरात दिलेले उत्तर बाजूला ठेवून, विचारपूर्वक उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की हा प्रकार आजचा नाही. आमच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. तमाशात दौलतजादा करण्याची रीत आहे. प्रेक्षक पैसे देतो, आपल्या आवडीची लावणी सांगतो, आणि त्याचे नाव भर फडात पुकारले जाते. माझ्या आजोबांनी तरुणपणी एकदा दोन रुपये दिले होते म्हणतात. त्यांचे नाव पुकारले गेले, आणि पुढे कित्येक वर्षे गावाने त्यावरून त्यांची थट्टा केली. पण ती हकीकत सांगताना आजोबांचा चेहरा कसा खुलत असे, हे मी स्वतः पाहिले आहे. त्या काळचे दोन रुपये म्हणजे थोडे नव्हेत. तरीही ते फुकट गेले असे मला म्हणवत नाही.

दुसरे उदाहरण याहून मोठ्या माणसाचे आहे. महात्मा गांधी आपल्या स्वाक्षरीसाठी पाच रुपये घेत, आणि ते पैसे हरिजन निधीत जमा करीत. म्हणजे थोर पुरुषाच्या सहवासाची खूण विकत मिळणे ही गोष्ट मुळातच वाईट, असे म्हणता येत नाही. पैसा कोठे जातो आणि त्या बदल्यात काय मिळते, हे दोन प्रश्न विचारल्याखेरीज निकाल देणे बरोबर नाही.

आता आपण अर्थशास्त्राकडे वळू. साधे तिकीट १,५०० आणि भेटीसह तिकीट ६,०००. म्हणजे त्या दहा सेकंदांची खरी किंमत ४,५०० रुपये. एका सेकंदाला ४५० रुपये पडले. पण रुपयांचा हिशेब पुरेसा नाही. एका गोष्टीवर पैसा खर्चला की दुसऱ्या ज्या गोष्टीला मुकावे लागते तो तिचा खरा खर्च, असे आपण वर्गात शिकतो. ६०० रुपये हजेरीच्या माणसाला ४,५०० रुपये म्हणजे साडेसात दिवसांचे श्रम. तेच पैसे महिन्याला लाख रुपये मिळवणाऱ्याला दीड दिवसाचेही नाहीत. वस्तू एक, दर एक, पण खर्च एक नाही. म्हणून 'परवडते का?' या प्रश्नाचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर असूच शकत नाही.

मार्शल या अर्थशास्त्रज्ञाने 'उपभोक्त्याचे संतोषाधिक्य' ही कल्पना मांडली. एखाद्या वस्तूसाठी आपण जास्तीत जास्त जेवढे द्यायला तयार असतो आणि प्रत्यक्षात जेवढे देतो, त्यांतील फरक म्हणजे संतोषाधिक्य. हे मोजण्याचा एक सोपा उपाय मला सुचला. घेतलेली वस्तू त्याच किमतीला पुन्हा घ्याल का, असे सरळ विचारावे. मी भावाला विचारले. तो म्हणाला, "गाण्याला परत जाईन. फोटोला नाय जायचा." त्याच्या या एका वाक्याने १,५०० रुपये एका पारड्यात आणि ४,५०० दुसऱ्या पारड्यात पडले.

मग माणसे पैसे भरतात तरी का? हॉर्टन आणि वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ साली याचा विचार केला होता. दूरचित्रवाणीवर रोज दिसणारा माणूस प्रेक्षकाला ओळखीचा वाटू लागतो. तो आपल्याशीच बोलतो आहे असे वाटते. पण ही ओळख एकतर्फी असते. आपल्याला त्याची आवडनिवड ठाऊक असते, त्याला आपले नावही ठाऊक नसते. आता तर तो माणूस खिशातल्या मोबाइलमध्ये चोवीस तास हजर असतो. एकतर्फी ओळख एकदा तरी दुतर्फी व्हावी, या ओढीपोटी माणूस भेटीचे तिकीट काढतो. ही ओढ खोटी नाही. देवळात तासन् तास रांगेत उभा राहणारा भाविक आणि माझा भाऊ यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. फरक एवढाच की पंढरीच्या वारकऱ्याला रांग फार लांब असली तर कळसाचे दर्शन घेऊनही समाधानाने परतता येते. विकत घेतलेल्या भेटीत कळस नसतो.

या ओढीचा व्यापार किती पद्धतशीर होऊ शकतो, हे जपानमध्ये पाहायला मिळते. तोक्योच्या अकिहाबारा भागात २००५ साली 'एकेबी फॉर्टीएट' नावाचा तरुण गायिकांचा संच स्थापन झाला. 'जिला जाऊन भेटता येते अशी तारका' ही त्यामागची कल्पना होती. गाण्यांच्या तबकडीसोबत हस्तांदोलनाचे तिकीट मिळे. एका तिकिटाला काही सेकंद. जास्त सेकंद हवे असतील तर जास्त तबकड्या घ्याव्या लागत, आणि एकाच गाण्याच्या पुष्कळ प्रती घेणारे चाहते होते. वेळ संपताच चाहत्याला बाजूला करायला खास माणूस उभा असे; त्याला जपानी भाषेत 'सोलून काढणारा' अशा अर्थाचा शब्द आहे. पुण्यात माझ्या भावाचा दंड धरणारा माणूस तो हाच! या व्यवहाराची दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. मे २०१४ मध्ये इवाते प्रांतात अशाच एका कार्यक्रमात करवत घेऊन आलेल्या माणसाने दोन गायिकांना आणि एका कर्मचाऱ्याला जखमी केले.

विकणाऱ्यालाही या व्यवहाराचा शीण होतो. जस्टिन बीबर या गायकाने मार्च २०१६ मध्ये आपल्या दौऱ्यातील अशा भेटी रद्द केल्या. इतक्या लोकांना भेटून मन थकून जाते, असे त्याने सांगितले. विचार केला तर हे स्वाभाविक आहे. दोनशे माणसांना एका तासात भेटायचे म्हटले तर प्रत्येकाच्या वाट्याला अठरा सेकंद येतात. अठरा सेकंदांत दोनशे वेळा मनापासून हसणे कोणाला जमेल?

काही वेळा तर तेवढेही मिळत नाही. १३ डिसेंबर २०२५ रोजी फुटबॉलपटू लिओनेल मेस्सी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर आला होता. हजारो रुपयांची तिकिटे काढून लोक जमले होते. पण त्याच्याभोवती मान्यवरांचा असा गराडा पडला की तो प्रेक्षकांना नीट दिसलाही नाही, आणि थोड्याच वेळात तो निघून गेला. संतापलेल्या लोकांनी खुर्च्या आणि बाटल्या मैदानात फेकल्या, आयोजकाला अटक झाली, आणि मुख्यमंत्र्यांना जाहीर माफी मागावी लागली. त्याच दौऱ्यात मेस्सीबरोबर छायाचित्र काढण्याचा दर सुमारे १० लाख रुपये असल्याच्या बातम्या होत्या. दुसऱ्याच दिवशी मुंबईत वानखेडे मैदानावर सचिन तेंडुलकरने त्याला आपली १० क्रमांकाची जर्सी दिली. त्या दोघांच्या भेटीला मात्र तिकीट नव्हते.

पण याच्या उलट उदाहरणही द्यायला हवे, नाही तर लेख एकांगी होईल. अमेरिकेतील धनाढ्य गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्याबरोबर जेवण्याच्या संधीचा लिलाव २००० साली सुरू झाला. पैसे सॅन फ्रान्सिस्कोतील 'ग्लाइड' या गोरगरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थेला जात. २०२२ च्या लिलावात बोली १ कोटी ९० लाख डॉलरपर्यंत गेली. टेड वेश्लर नावाच्या गुंतवणूकदाराने २०१० आणि २०११ अशी लागोपाठ दोन वर्षे प्रत्येकी २६ लाख डॉलरहून अधिक मोजून हे जेवण मिळवले, आणि पुढे बफे यांनी त्याला आपल्याच कंपनीत घेतले. येथे काय विकले गेले? छायाचित्र नव्हे. निवांत बसून केलेले बोलणे विकले गेले. प्रश्न विचारता आले, उत्तरे मिळाली, आणि एका माणसाने दुसऱ्याला पारखले.

माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली येथे आहे. घेणाऱ्याला हवे असते बोलणे. विकणारा विकतो छायाचित्र. दोघांचा व्यवहार होतो, पण वस्तू वेगवेगळ्या असतात. फसवणूक म्हणावी तर कोणी खोटे बोललेले नसते. तिकिटावर छायाचित्र असेच छापलेले असते. 'भेट' हा शब्द तेवढा दोघांनी दोन अर्थांनी वाचलेला असतो.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी काही प्रश्न स्वतःला विचारावेत, असे मी सुचवतो. किती वेळ मिळणार आणि तो वेळ कोठे लिहून दिला आहे का? बोलता येईल की फक्त उभे राहायचे? कार्यक्रम रद्द झाला तर पैसे परत मिळतील का? पैसा सत्कार्याला जातो की आयोजकाच्या गल्ल्यात? आणि सर्वांत महत्त्वाचे, हे माझ्या किती दिवसांचे श्रम आहेत? ठरलेली सेवा मिळाली नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, आणि १९१५ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी तिकीट आणि पावती जपून ठेवावी. ज्यांना केवळ आपले नाव त्या व्यक्तीच्या तोंडून ऐकायचे आहे, त्यांच्यासाठी २०१७ पासून 'कॅमिओ' ही अमेरिकन कंपनी नामवंतांकडून ध्वनिचित्रित शुभेच्छा करून देते. नाव पुकारले जाते. दौलतजादाच तो, फक्त फड नाही आणि टाळ्या वाजवणारा गावही नाही.

माझा निष्कर्ष असा. कला ऐकण्यासाठी, पाहण्यासाठी दिलेला पैसा सहसा वाया जात नाही. खऱ्या संभाषणासाठी दिलेला पैसा, ऐपत असेल तर, सार्थकी लागू शकतो. मात्र दहा सेकंदांच्या छायाचित्रासाठी आठवडाभराची मजुरी देणे हा तोट्याचा व्यवहार आहे. तो वेडेपणा मात्र नव्हे. माझा तो शब्द चुकीचा होता आणि तो मी येथे परत घेतो.

कारण नंतर एका संध्याकाळी, ओट्यावर बसलो असताना, मी भावाला विचारले, "दादा, वेळ मिळाला असता तर त्याला काय सांगणार होतास?" तो आधी लाजला. मग म्हणाला, "रात्रपाळीला तीन वाजता डोळं मिटाय लागतात. मशीनवर हात जायची भीती असती. तवा मी त्याचं गाणं मनात म्हणतो. तेवढंच सांगायचं हुतं." त्यानंतर तो जवळजवळ तासभर बोलला, कारखान्याविषयी, रात्रपाळीविषयी, सुटलेल्या शाळेविषयी. तीन हजार रुपये त्याने मला कसे जमवून दिले होते, हेही मला त्या दिवशी प्रथमच कळले. इतकी वर्षे आम्ही एका ताटात जेवलो, पण हे मी त्याला कधी विचारले नव्हते. त्या तासाला तिकीट नव्हते.

हा अंक छापून आला की माझ्या वाट्याची प्रत मी त्याला नेऊन देणार आहे. त्याच्या तीन हजारांचा हिशेब त्याने कधी मागितला नाही. पण मला तो द्यायचा आहे. हा त्यातला पहिला हप्ता समजावा.