अपग्रेड अर्ध्यावर थांबले तर संगणक सावरतो; माहितीचे काय?

ऑपरेटिंग सिस्टीमचे अपग्रेड सुरू असताना ‘संगणक बंद करू नका’ ही सूचना पडद्यावर झळकत असते आणि नेमकी त्याच वेळी वीज जाते. भारनियमनाची सवय असलेल्या भागांत हा प्रसंग मुळीच अपरिचित नाही. अशा वेळी संगणक बिघडतो तो नवी प्रणाली सदोष असते म्हणून नव्हे. हजारो फायलींपैकी काही नव्या, काही जुन्या राहतात आणि त्यांचा परस्परांशी मेळ बसत नाही. धोका असतो तो या मधल्या अवस्थेत.

लिनक्सच्या डेबियन या आवृत्तीने त्यावर योजलेला उपाय एखाद्या दक्ष कारकुनाला शोभेल असा आहे. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. डेबियनमधील ‘डीपीकेजी’ हा प्रोग्रॅम प्रत्येक पॅकेज कोणत्या टप्प्यावर आहे, याची नोंद डिस्कवर करत जातो. काम मध्येच तुटले, तर उरलेली जुळणी पूर्ण करण्याची एक आज्ञा दिली की तो नोंदी वाचून पुढे सरकतो. पॅकेज उलगडतानाच खंड पडला असेल, तर मात्र ते नव्याने बसवावे लागते.

विंडोजचा मार्ग माघारीचा आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये मोठे अपग्रेड फसले, तर प्रणाली शक्यतो आपणहून पूर्वस्थितीवर परतते. ते यशस्वी झाल्यावरही जुनी प्रणाली ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये राहते आणि साधारणपणे १० दिवस परतीचा मार्ग खुला असतो.

सर्वांत निर्धोक रचना अँड्रॉइड ७.० बरोबर २०१६ मध्ये आली. तिच्यात प्रणालीसाठी दोन कप्पे असतात. फोन एका कप्प्यावर चालू असताना नवी आवृत्ती दुसऱ्यात उतरते. ती सुरू झालीच नाही, तर फोन पहिल्या कप्प्यावर परततो. चालत्या प्रणालीला हातच लावला जात नसल्याने मधली अवस्था वापरकर्त्याच्या वाट्याला येत नाही. सर्व उत्पादकांनी मात्र ही रचना लगेच स्वीकारली नाही. दोन कप्प्यांना जागा अधिक लागते, हा तिचा मूळ दोष; अँड्रॉइड ११ मध्ये तो बराच कमी करण्यात आला.

हे सारे संरक्षण प्रणालीचे आहे, वापरकर्त्याच्या फायलींचे नव्हे. अँड्रॉइडमध्येही छायाचित्रे, संदेश आणि कागदपत्रे यांच्यासाठी दुसरा कप्पा नसतो. ऑक्टोबर २०१८ मधील विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीने हे स्पष्ट केले. ते अपग्रेड अर्ध्यावर थांबले नव्हते. ते पूर्ण झाले, आणि काही वापरकर्त्यांची कागदपत्रे नाहीशी झाली. ज्यांनी ‘डॉक्युमेंट्स’सारखे फोल्डर दुसऱ्या जागी वळवले होते, पण काही फायली मूळ जागीच राहू दिल्या होत्या, त्यांचे जुने फोल्डर अपग्रेडने निरुपयोगी समजून पुसून टाकले. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच वितरण थांबवले आणि नोव्हेंबरमध्ये सुधारित आवृत्ती दिली. तक्रारींचे प्रमाण एक शतांश टक्का असल्याचे कंपनीने सांगितले होते. पण ज्याची कागदपत्रे गेली, त्याच्या दृष्टीने हे प्रमाण पूर्ण शंभर टक्केच होते. म्हणूनच अपग्रेडपूर्वी फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क संगणकापासून अलग करणे, याला पर्याय नाही.

टक्केवारीचा आकडा बराच वेळ हलला नाही, म्हणून घाईने बटण दाबणे हेही खंडित अपग्रेडचे एक कारण असते. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर काम चालू असण्याची शक्यता असते. जुन्या, संथ डिस्कवर त्याला काही तास लागू शकतात.

संगणक किंवा फोन सुरूच होईनासा झाला, तर दुरुस्तीच्या पडद्यावरील शब्द नीट वाचावेत. रिकव्हरी मोडमधील आयफोन संगणकाला जोडल्यावर दोन पर्याय समोर येतात. ‘अपडेट’ निवडल्यास प्रणाली पुन्हा बसवताना माहिती जपण्याचा प्रयत्न होतो; ‘रिस्टोअर’ निवडल्यास ती पुसली जाते. विंडोजमध्ये ‘रीसेट’ करतानाही फायली ठेवायच्या की सर्व काही काढायचे, असे विचारले जाते. फायली ठेवण्याचा पर्याय निवडला, तरी वापरकर्त्याने बसवलेले प्रोग्रॅम मात्र जातात.