एकच फाइल, पण पानं वेगळी

कोहिनूर हे बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याण तालुक्यातलं गाव. एका अंगाला कलबुर्गी जिल्ह्याची शीव, आणि उमरग्याच्या दिशेने गेलं की महाराष्ट्र. या पट्ट्यात एकाच घराची काही जमीन कर्नाटकात आणि काही महाराष्ट्रात असू शकते. मग एकाच मोबाइलवर, एका टॅबमध्ये कर्नाटकची पहाणी, म्हणजे तिथला जमिनीचा उतारा, आणि शेजारच्या टॅबमध्ये महाराष्ट्राचा सातबारा उघडण्याची वेळ येते. दोन्ही पानं सरकारी, दोन्ही पत्त्यांचा शेवट ‘गव्ह डॉट इन’. वेबसाइट बनवायला शिकणाऱ्या पोरांचा पहिला गैरसमज इथूनच सुरू होतो.

“एकाच ब्राउझरात उघडी आहेत, म्हणजे पानांना एकमेकांतलं दिसत असणार”

दिसत नाही. ब्राउझर प्रत्येक पानाला त्याच्या ‘ओरिजिन’वरून ओळखतो. ओरिजिन तीन गोष्टींनी ठरतं: पत्त्याची सुरुवात एचटीटीपी आहे की एचटीटीपीएस, पूर्ण डोमेन नाव काय, आणि पोर्ट क्रमांक कोणता. यातलं एकही वेगळं असेल तर ती दोन पानं परस्परांना परकी. पहाणीचं डोमेन कर्नाटक शासनाचं, सातबाराचं महाराष्ट्राच्या महाभूमीचं; म्हणून एका पानावरची जावास्क्रिप्ट दुसऱ्या पानावरचा गट क्रमांक वाचू शकत नाही. शेवटचं ‘गव्ह डॉट इन’ सारखं असल्याने काही फरक पडत नाही. उलट ‘गव्ह डॉट इन’ हे नाव ब्राउझरांच्या ‘पब्लिक सफिक्स’ यादीत आहे. त्याचा अर्थ असा, की कोणत्याही एका सरकारी साइटला सगळ्या ‘गव्ह डॉट इन’ साइटींसाठी मिळून एक कुकी ठेवता येत नाही.

जावास्क्रिप्ट ब्रेंडन आयकने मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत लिहिली. ती ज्या नेटस्केप ब्राउझराच्या दुसऱ्या आवृत्तीत आली, त्याच आवृत्तीत एका खिडकीत अनेक पानं दाखवणाऱ्या ‘फ्रेम’ही आल्या. एका फ्रेममधल्या पानाने दुसरीतल्या परक्या पानाचा मजकूर वाचू नये म्हणून हा ओरिजिनचा नियम तेव्हाच घातला गेला. आज बँकेचं पान एका टॅबमध्ये उघडं ठेवून आपण दुसऱ्या टॅबमध्ये कुठल्याही साइटवर निर्धास्त जातो, ते या नियमाच्या जोरावर. पानांमध्ये देवाणघेवाण होत नाही म्हणून वैतागणाऱ्या प्रत्येक शिकाऊ मुलाला आधी हे सांगायला हवं. ही त्रुटी नाही, संरक्षण आहे.

“दोन्ही पानांना एकच स्क्रिप्ट फाइल जोडली, की माहितीही एकच होते”

सगळ्यात जास्त वेळ वाया घालवणारा गैरसमज हाच. पहिल्या पानावर वापरकर्त्याचं नाव एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचं, दुसऱ्या पानावर तीच फाइल जोडायची, आणि नाव रिकामं का येतं म्हणून तासभर डोकं खाजवायचं.

स्क्रिप्ट फाइल म्हणजे शाळेचं छापील पुस्तक समजा. एकच पुस्तक दोन वर्गांत वाचलं जातं, पण एका मुलाने आपल्या प्रतीत पेन्सिलीने केलेल्या खुणा दुसऱ्याच्या प्रतीत उमटत नाहीत. प्रत्येक पान उघडताना ब्राउझर ती फाइल पहिल्या ओळीपासून नव्याने चालवतो. पान बंद झालं, की त्याची सगळी व्हेरिएबल्स पुसली जातात. सामायिक होतो तो कोड, त्या कोडने केलेला हिशोब नव्हे.

कोड मात्र वाटेल तितक्या पानांना वाटता येतो, आणि मराठीचं त्याने मोठं काम केलं आहे. बहुतेक संगणकांवर मराठी कळफलक बसवलेलाच नसायचा, त्या काळात ओंकार जोशी यांनी ‘गमभन’ ही जावास्क्रिप्टवर चालणारी टंकलेखन सुविधा तयार केली. अनेक मराठी संकेतस्थळांनी ती आपापल्या पानांत बसवली. रोमन अक्षरं दाबायची आणि चौकटीत देवनागरी उमटायची. वापरणाऱ्याला संगणकावर काहीच टाकावं लागत नसे. संकेतस्थळं वेगळी, त्यांचे मालक वेगळे, आणि कामाला लागलेला कोड एक. पण कोड एक असला, तरी एका साइटवर लिहिलेला लेख दुसऱ्या साइटला दिसत नव्हता, आणि दिसायला नकोच होता.

अशी सामायिक फाइल करताना एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. तिच्यात देवनागरी किंवा कन्नड मजकूर असेल तर फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा आणि पानातही तेच जाहीर करा. नाहीतर एका पानावर नीट दिसणारं ‘बसवकल्याण’ दुसऱ्या पानावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन येतं.

“मग लोकलस्टोरेजमध्ये ठेवलं, की सगळीकडे मिळतं”

एका पानावरची माहिती दुसऱ्या पानावर न्यायची असेल तर लोकलस्टोरेज, म्हणजे ब्राउझरातली साठवणीची जागा, हा सोपा आणि बरा मार्ग आहे. पण ‘सगळीकडे’ हा शब्द चुकीचा. ते त्याच ओरिजिनपुरतं, त्याच ब्राउझरापुरतं, त्याच फोनपुरतं असतं. गावातल्या सोसायटीची साइट ‘डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू’ लावून उघडली आणि नंतर ते न लावता उघडली, तर लोकलस्टोरेजच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या साइटी. आधी भरलेला अर्ज दिसेनासा होतो आणि लोक म्हणतात, साइटने माहिती खाल्ली. दोन्ही पत्ते एकाच पत्त्यावर वळवणं हा त्यावरचा खरा इलाज. स्क्रिप्टमध्ये शोधत बसण्यात अर्थ नाही.

लोकलस्टोरेजची जागा साधारण ५ एमबी असते आणि त्यात फक्त मजकूर मावतो. यादी किंवा तक्ता ठेवायचा तर आधी त्याचा जेसन, म्हणजे मजकुराच्या रूपातली मांडणी, करावा लागतो. सफारी ब्राउझर तर २०२० पासून, वापरकर्ता साइटवर फिरकला नाही, तर स्क्रिप्टने ठेवलेली अशी माहिती ब्राउझर-वापराच्या सात दिवसांनंतर पुसून टाकतो. म्हणून शेतकऱ्याने भरलेला अर्ज ‘नंतर पाठवू’ म्हणून तिथे आठवडाभर ठेवणं धोक्याचं. सेशनस्टोरेज आणखी अरुंद आहे: ते एका टॅबचं, टॅबबरोबर जातं. आणि लोकलस्टोरेज बदललं की ‘स्टोरेज’ नावाची जी सूचना मिळते, ती त्याच ओरिजिनच्या इतर टॅबना मिळते. ज्या पानाने बदल केला त्याला नाही. आपल्याच पानावर तिची वाट पाहत बसणारे पुष्कळ.

कुकीची हद्द मात्र निराळी आहे, आणि तिथेच खरा गोंधळ उडतो. मराठी विकिपीडिया आणि कन्नड विकिपीडिया ही दोन वेगळी ओरिजिन आहेत, त्यांचं लोकलस्टोरेज वेगळं. पण दोन्ही ‘विकिपीडिया डॉट ऑर्ग’ या एकाच डोमेनखालची उपडोमेनं असल्याने त्या वरच्या डोमेनच्या नावाने ठेवलेली कुकी दोघांनाही पोचते. म्हणून मराठीत लॉगिन केलेला बीदरचा संपादक कन्नडमध्ये गेला तरी त्याच सदस्यनावाने ओळखला जातो.

“विकिपीडियावर सगळं सगळीकडे सामायिक असतं”

विकिपीडियाचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबू. वेगळ्या पानांत काय वाटून घ्यावं आणि काय नाही, याचा इतका चांगला धडा दुसरीकडे नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, कन्नड त्याच वर्षी. बसवकल्याणच्या किल्ल्याचं छायाचित्र ‘कॉमन्स’ या सामायिक चित्रसंग्रहावर एकदा चढवलं, की मराठी, कन्नड, उर्दू अशा कोणत्याही विकिपीडियावर ते वापरता येतं, चित्राची प्रत एकच असते. ‘कॉमन्स’ २००४ मध्ये आलं. २०१२ मध्ये ‘विकिडेटा’ आलं आणि लोकसंख्या किंवा अक्षांश-रेखांशासारख्या गोष्टी एका जागी ठेवून अनेक भाषांत दाखवता येऊ लागल्या.

पण साचे, म्हणजे पानांत भरायचे तयार ठोकळे, तसे नाहीत. मराठीत बनवलेला माहितीचौकटीचा साचा कन्नडमध्ये आपोआप चालत नाही. तिथे तो वेगळा बनवावा किंवा उतरवून घ्यावा लागतो. साचा पानात भरण्याचं काम सर्व्हर करतो, जावास्क्रिप्ट नव्हे, हेही अनेकांना ठाऊक नसतं. जावास्क्रिप्टचं काम वेगळ्या थरावर चालतं. एका विकिपीडियाच्या सर्व पानांवर चालणारी एक सामायिक स्क्रिप्ट असते, आणि सदस्याला ‘मेटा-विकी’वर स्वतःची एक ‘ग्लोबल’ स्क्रिप्ट ठेवता येते, जी त्याच्या खात्यापुरती सगळ्या विकींवर धावते. दोन भाषांत काम करणाऱ्या सीमाभागातल्या संपादकाला ही सोय फार उपयोगाची आहे, आणि ती वापरणारे फार थोडे दिसतात याचं वाईट वाटतं.

“मेनू एका फाइलमध्ये ठेवून स्क्रिप्टने ओढून घ्यावा”

शाळेच्या साइटची वीस पानं आहेत, प्रत्येकावर तोच मेनू. एचटीएमएलमध्ये ‘ही दुसरी फाइल इथे घाल’ असं सांगणारा साधा टॅग नाही. क्रोमने २०१४ मध्ये ‘एचटीएमएल इम्पोर्ट’ नावाचा प्रयोग केला होता. इतर ब्राउझरांनी तो स्वीकारला नाही आणि २०२० मध्ये क्रोमनेही काढून टाकला. जुन्या धड्यांमध्ये तो अजून सापडतो, त्याच्या नादी लागू नका.

उरतो तो ‘फेच’चा मार्ग: मेनूची फाइल मागवायची आणि ‘इनरएचटीएमएल’ने पानात बसवायची. चालतं. पण अशा रीतीने आत आलेल्या मजकुरात स्क्रिप्ट टॅग असेल तर तो चालत नाही, ब्राउझर त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. आणि फोल्डरमधली फाइल डबलक्लिक करून उघडली, तर पत्त्यात ‘फाइल’ येतं, ओरिजिन धड ठरत नाही, आणि फेच व मॉड्यूल दोन्ही नकार देतात. सायबर कॅफेत किंवा शाळेच्या लॅबमध्ये शिकणारी मुलं इथे हमखास अडकतात आणि कोड चुकला असं समजतात. कोड बरोबर असतो. पायथनचा छोटा सर्व्हर सुरू करून त्याच संगणकावर ‘लोकलहोस्ट’ने पान उघडलं की काम होतं.

तरीही माझं मत असं, की मेनू, पत्ता, फोन नंबर या गोष्टी स्क्रिप्टवर सोडू नयेत. त्या सर्व्हरवर पीएचपीच्या ‘इन्क्लूड’ने किंवा पानं तयार करतानाच बसवाव्यात. शिवारात नेटवर्कची एखादी काडी असताना पान निम्मं उतरतं, स्क्रिप्ट वाटेत राहते, आणि ज्याच्यासाठी पान उघडलं तो फोन नंबरच दिसत नाही. माहितीच्या पानाने आधी माहिती द्यावी, स्क्रिप्ट मागून आली तरी चालेल.

“कॉर्सची एरर म्हणजे सर्व्हर बंद आहे”

नाही. दुसऱ्या ओरिजिनकडून फेचने माहिती मागितली, तर साधी विनंती बहुतेक वेळा तिथे पोचते, उत्तरही येतं. त्या सर्व्हरने परवानगीचा हेडर पाठवला नसेल तर ब्राउझर ते उत्तर तुमच्या स्क्रिप्टच्या हाती देत नाही, इतकंच. परवानगीची ही पद्धत म्हणजेच कॉर्स. परवानगी तिकडच्यांनी द्यायची असते. आपल्या पानात काहीही लिहून ती मिळत नाही. यावर उपाय म्हणून अनोळखी ‘प्रॉक्सी’ वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो अजिबात ऐकू नये. लोकांची माहिती त्या तिसऱ्याच्या संगणकातून जाते आणि तो ती वाचू शकतो. दोन्ही पानं आपलीच असतील, एकात दुसरं आयफ्रेमने बसवलं असेल, तर ‘पोस्टमेसेज’ने निरोप पाठवता येतो, घेणाऱ्याने मात्र निरोप कोणत्या ओरिजिनहून आला हे दर वेळी तपासायलाच हवं.

“प्रसिद्ध सीडीएनवरून घेतली, की फाइल फोनमध्ये आधीच असते”

सीडीएन म्हणजे अनेक साइटींना तयार फाइली पुरवणारे सर्व्हर. त्यांच्याबद्दलचं हे म्हणणं एकेकाळी खरं होतं. दुसऱ्या कुठल्या साइटवर असताना जेक्वेरीसारखी लोकप्रिय स्क्रिप्ट फोनमध्ये आधीच उतरलेली असायची, आपल्या पानाला ती आयती मिळायची. पण या आयत्या मिळण्यावरून तुम्ही आधी कोणत्या साइटवर होतात याचा सुगावा लागतो, म्हणून ब्राउझरांनी कॅशची, म्हणजे उतरवलेल्या फाइलींच्या साठ्याची, साइटनिहाय वाटणी केली. सफारीने २०१३ मध्ये, क्रोमने ऑक्टोबर २०२० पासून, फायरफॉक्सने जानेवारी २०२१ मध्ये. आता प्रत्येक साइटसाठी तीच फाइल पुन्हा उतरते. वेगाचं ते कारण संपलं, तरी सल्ला अजून फिरतो आहे.

आणि आता शेवटचा, सगळ्यात महागात पडणारा गैरसमज: परक्या साइटवरून घेतलेली स्क्रिप्ट परकीच राहते, असा. ओरिजिनचा नियम पानांना लागू आहे, पानात जोडलेल्या स्क्रिप्टला नाही. स्क्रिप्ट कुठूनही आलेली असो, तुमच्या पानात ती तुमच्या अधिकाराने चालते. अर्जातला मोबाइल नंबर वाचू शकते, पान कुठेही वळवू शकते.

२०२४ मध्ये हे जगाने पाहिलं. जुन्या ब्राउझरांना नव्या सोयी पुरवणारी ‘पॉलिफिल डॉट आयओ’ ही सेवा असंख्य साइटींनी एका ओळीने जोडलेली होती. फेब्रुवारीत ते डोमेन दुसऱ्या कंपनीच्या हाती गेलं. मूळ प्रकल्प सुरू करणाऱ्या अँड्र्यू बेट्स यांनी तेव्हाच सांगितलं, की ती ओळ ताबडतोब काढा, आजच्या ब्राउझरांना तिची गरजही उरलेली नाही. जूनमध्ये उघडकीला आलं, की ती स्क्रिप्ट मोबाइलवरून येणाऱ्या काही लोकांना सट्ट्याच्या साइटींकडे वळवत होती. १ लाखाहून अधिक साइटींवर ती जोडलेली होती. त्या साइटींच्या मालकांनी आपल्या कोडमध्ये एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

यावर ‘इंटिग्रिटी’ हा उपाय २०१६ पासून प्रमाणित आहे: स्क्रिप्ट टॅगमध्ये फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा, लिहायचा, फाइल एका अक्षराने बदलली तरी ब्राउझर ती चालवत नाही. पॉलिफिलच्या बाबतीत मात्र तो लागूच करता येत नव्हता, कारण ती सेवा प्रत्येक ब्राउझराला वेगळी फाइल देत असे, मग हॅश लिहायचा कोणता? ज्या स्क्रिप्टला हॅश लावता येत नाही ती ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या किंवा सोसायटीच्या पानात बाहेरून जोडू नये. फाइल उतरवून घ्यावी, आपल्याच सर्व्हरवर ठेवावी, आणि नवी आवृत्ती आली की स्वतः बघून बदलावी.