जुन्या ट्रॅक्टरचें गळकें गॅस्केट

स्वयंपाकघरांतील कुकरची वाफ झाकणाच्या कडेनें निसटूं लागली, म्हणजे प्रथम त्याची रबरी रिंग बदलली जाते. परंतु आपटून झाकणाची कडच वांकडी झालेली असेल, तर नव्या रिंगेचीही दोन दिवसांत तीच गत होते. शेतावरील ट्रॅक्टरच्या इंजिनांत हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर घडतो. फरक इतकाच, कीं तेथें चूक झाली तर डाळ कच्ची राहत नाहीं, इंजिनच वायां जातें.

उदाहरणार्थ, इंग्लंडांतील कव्हेंट्री शहरीं १९४६ ते १९५६ या काळांत तयार झालेला 'फर्ग्युसन टीई-२०' हा करड्या रंगाचा लहानसा ट्रॅक्टर घ्यावा. असे पांच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तेथें निघाले. एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजीं दक्षिण ध्रुवावर पोंचले, ते याच जातीचे ट्रॅक्टर हांकीत. आजही कित्येक शेतकरी व हौशी लोक हे ट्रॅक्टर चालते ठेवीत आहेत. आणि त्यांना हमखास छळणारा विकार म्हणजे हेड-गॅस्केटची गळती.

इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक. त्यांतील चार सिलिंडरांत दट्टे वरखालीं होत असतात. वरचें झाकण म्हणजे हेड. या दोहोंमध्यें दाबून बसविलेला पातळ पत्रा म्हणजे गॅस्केट. जळत्या वायूचा प्रचंड दाब, इंजिन थंड राखणारें पाणी आणि वंगणाचें तेल, या तिघांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचें काम या पत्र्याकडे असतें.

तो फुटला कीं लक्षणें दिसूं लागतात. बाहेर थेंबही न गळतां रेडिएटरमधील पाणी घटतें. इंजिन चालूं असतां त्या पाण्यांत सतत बुडबुडे येतात. धुराड्यांतून पांढरी वाफ निघत राहते. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदमच उतरला, तर त्यांच्या मधली पट्टी जळाली असें बहुधा समजावें. तेल दुधाळ झालें असेल, तर मात्र ट्रॅक्टर मुळींच चालवूं नये. पाणी मिसळलेल्या तेलाचा थर बेअरिंगांवर टिकत नाहीं, आणि पत्र्याच्या किंमतीचा आजार इंजिनाच्या जिवावर बेततो.

येथेंच पुष्कळांची फसगत होते. पत्रा जळाला, पत्रा बदलला, काम झालें, असें त्यांना वाटतें. वास्तविक गॅस्केट हें बहुधा अपराधी नसून साक्षीदार असतें. रेडिएटरमध्यें क्षारांचीं पुटें सांचलीं, पंख्याचा पट्टा सैल पडला, पाणी कमी असतां नांगर ओढला, कीं इंजिन तापतें. तापलेलें हेड वांकतें. आणि वांकलेल्या हेडाखालीं कोणतेंही गॅस्केट टिकत नाहीं.

म्हणून दुरुस्ती क्रमानेंच व्हावी. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पाणी काढावें. हेडाचे नट कडेकडून मध्याकडे, थोडेथोडे सैल करावे. हेड चिकटलें असेल तर फटींत छिन्नी घालूं नये. पृष्ठभागावर ओरखडा पडला कीं नवी वाट तयार झालीच. बहुतेक टीई-२० ट्रॅक्टरांत असलेल्या स्टँडर्ड कंपनीच्या इंजिनांत दट्ट्याभोंवतालची नळी, म्हणजे लाइनर, ब्लॉकमध्यें सुटी बसविलेली असते व तिच्या बाहेरून पाणी खेळतें. हेड निघाल्यावर इंजिन फिरविलें, तर लाइनर उचलला जाऊन खालचा सांधा सुटतो व पाणी तेलांत उतरतें. सबब लाइनर दाबून धरल्याविना इंजिन फिरवूं नये.

जुन्या गॅस्केटांत अ‍ॅस्बेस्टॉस असूं शकतो. त्याची धूळ फुप्फुसांस घातक होय. तें ओलें करूनच काढावें, कोरडें घासूं नये. मग हेडावर सरळ पट्टी आडवी, उभी व तिरकी धरून फीलर गेजच्या पातळ पात्यांनीं फट मोजावी. फट मर्यादेबाहेर असेल तर हेड यंत्रशाळेंत सपाट करून घ्यावें. लाइनरची कड ब्लॉकहून इंचाचे कांहीं सहस्रांश वर असावी लागते. ती खचली असेल तर नवें गॅस्केटही व्यर्थ होय.

शेवटीं नवें गॅस्केट बसवून नट मध्यापासून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावे. त्यासाठीं टॉर्क पाना, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, वापरावा आणि आंकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेंतूनच घ्यावा. पुन्हा आवळण्याबाबतही पुस्तिकेचें सांगणें पाळावें, झडपांचें अंतर जुळवावें आणि पाणी शिरलेलें तेल टाकून नवें भरावें.

पेरणी तोंडावर आली असतां हें सारें करण्याचा धीर राहत नाहीं. तथापि रेडिएटर धुण्यांत व हेड मोजण्यांत गेलेला एक दिवस वांचविणाऱ्याचा पुढें ऐन हंगामांत आठवडा जातो. गळती थांबविणें ही अर्धीच दुरुस्ती. ती कां झाली हें शोधणें ही उरलेली अर्धी.