आपल्याच डोंगरात दूर पडलेले कोलाम

काझीपेट-बल्लारशाह लोहमार्गावरील मंचेरियल हे तेलंगणातील, गोदावरीच्या उत्तर काठावरचे शहर बाहेरच्या जगाला सिंगरेणीच्या कोळसा खाणींमुळे, सिमेंटच्या कारखान्यांमुळे आणि जवळच्याच जयपूर येथील १२०० मेगावॅटच्या औष्णिक वीज प्रकल्पामुळे माहीत आहे. २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तेव्हा मंचेरियल हे त्यांपैकी एकाचे मुख्य ठिकाण बनले. या शहरापासून पश्चिमेकडे आणि वायव्येकडे जमीन चढू लागते, खाणींचा प्रदेश मागे पडतो आणि सातमाळा डोंगररांगेचे सागवानी जंगल सुरू होते. या डोंगरांत, तसेच शेजारच्या आसिफाबाद आणि आदिलाबाद जिल्ह्यांत व महाराष्ट्रातील यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड या जिल्ह्यांत कोलाम या आदिवासी जमातीची वस्ती आहे. तेलंगणात तिच्या पाड्याला ‘कोलामगूडा’ म्हणतात, तर यवतमाळकडे ‘कोलाम पोड’.

अरण्यातील दुर्गम गाव म्हटले की न्यू गिनीच्या दक्षिण किनाऱ्यावरील अस्मत लोकांसारख्या समाजाचे चित्र समोर येते. भरती-ओहोटीच्या नद्यांच्या काठी राहणारे अस्मत साबुदाण्याच्या झाडाच्या खोडातील पिठावर आणि माशांवर जगत आले असून त्यांचे वर्षावन कधी कोरडे पडत नाही. आदिलाबादचे अरण्य मात्र पानझडीचे आहे. साग, बांबू, मोह, तेंदू आणि चारोळीचे हे जंगल पावसाळ्यात दाट होते आणि वैशाखात उघडे पडते, आणि तोवर डोंगरमाथ्यावरचे झरेही आटलेले असतात. कोलाम पाड्याचे वर्ष त्यामुळे पाण्याने दोनदा अडते. पावसाळ्यात ओढे फुगून वाट बंद होते आणि आजाऱ्याला बाजेवर किंवा झोळीत घालून खाली आणावे लागते, तर उन्हाळ्यात बायकांना घागरी घेऊन दरीतल्या झऱ्यापर्यंत उतरावे लागते. हिवताप, रक्तक्षय आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार यांचा या भागातील आदिवासींना होणारा त्रास या भूगोलामुळे अधिक बिकट होतो, कारण जे औषध सपाटीवर तासाभरात मिळते त्यासाठी येथे दिवस मोडतो.

तरीही ही दुर्गमता केवळ निसर्गाने दिलेली आहे, असे मानणे चूक ठरेल. कोलामांची मूळ शेती डोंगरउतारावरची फिरती शेती होती, जिला या भागात ‘पोडू’ म्हणतात. उतारावरची झाडे-झुडपे तोडून, ती वाळल्यावर जाळून, त्या राखेत नांगराशिवाय, टोकदार काठीने भोके पाडून ज्वारी, सावा, कुटकी आणि वालासारखी कडधान्ये पेरली जात. दोन-तीन वर्षांत जमिनीचा कस उतरला की तो तुकडा जंगलाला परत देऊन कुटुंबे दुसरीकडे सरकत. घरेही याच राहणीला साजेशी होती. लाकडी खांब, बांबूचा कूड विणून त्यावर मातीचा गिलावा आणि वर गवताचे छप्पर, असे घर थोड्या दिवसांत उभे राहते आणि सोडून जाताना फारसे काही मागे ठेवावे लागत नाही. अशा शेतीला माणसे थोडी आणि जंगल पुष्कळ लागते. निजामाच्या राज्यात राखीव जंगलांच्या सीमा आखल्या जाऊ लागल्या, तेव्हा ज्यांची शेती एका जागी नव्हती त्यांची जमीन कोणत्याच कागदावर आली नाही. सपाटीवर नांगर धरणाऱ्या गोंडांना निदान आपले शेत दाखवता येत होते. डोंगरावरच्या कोलामांना दाखवता येण्याजोगे होते ते वाढत चाललेले रान, आणि ते सरकारने आपले ठरवले होते.

१९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात कुमराम भीम या गोंड पुढाऱ्याने निजामाच्या पोलिसांशी लढताना प्राण दिले, तो संघर्ष जल, जंगल आणि जमिनीच्या याच प्रश्नातून उभा राहिला होता. त्यानंतरच्या वर्षांत ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ यांनी या प्रदेशात राहून अभ्यास केला. आदिवासींना जमिनीचे पट्टे द्यावेत, यासाठी त्यांनी निजाम सरकारपाशी आग्रह धरला आणि १९४३ मध्ये मारलवाई येथे आदिवासी शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. गोंडी मुलांसाठी त्या काळी तयार झालेली वाचनपुस्तके देवनागरीत होती, ही गोष्ट मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी, कारण १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर शाळेची भाषा तेलुगू झाली आणि तो प्रयत्न मागे पडला. पट्ट्यांमुळे अनेक कुटुंबांना प्रथमच जमीन मिळाली. पण त्याचा अर्थ कोलामांपुरता असा झाला की डोंगर सोडून खाली उतरायचे आणि नांगर, बैल व बी-बियाणे यांसाठी कर्ज काढायचे. आज अनेक पाड्यांत ज्वारी मागे पडून कापूस पुढे आला आहे. कापूस खाता येत नाही, त्यामुळे जे धान्य पूर्वी शेतातून येई ते आता रेशन दुकानातून किंवा आठवडी बाजारातून येते.

समाजरचनेत कोलामांचे स्थान बाहेरून दिसते तितके खालचे नाही, आणि हा त्यांच्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय भाग आहे. संख्येने आणि साधनांनी गोंड मोठे असले, तरी अनेक गोंड गावांत डोंगर, पाऊस आणि पीक यांच्या स्थानिक देवतांची पूजा कोलाम पुजारी करतो, कारण या भूमीच्या देवतांशी कोलामांचे नाते अधिक जुने आहे, असे गोंड मानतात. कोलामांचा मुख्य देव भीमदेव असून कोलामीत त्याला ‘अय्याक’ म्हणतात. गोंडांप्रमाणे कोलामांतही कुळांची विभागणी देवसंख्येवरून होते, म्हणजे चार देवे, पाच देवे, सहा देवे आणि सात देवे असे गट असून एकाच गटात सोयरीक जुळत नाही. गावाचा प्रमुख ‘नाईक’ असतो. कोलामी ही द्राविडी कुळातील मध्य शाखेची स्वतंत्र भाषा आहे आणि अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ एम. बी. एमेनो यांनी १९५५ मध्ये तिच्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. घरात कोलामी, शेजारच्या गोंड गावात गोंडी, बाजारात तेलुगू आणि सीमेकडे मराठी, असा सामान्य कोलामाचा भाषाव्यवहार असतो. पाटीवर मात्र मुलाच्या वाट्याला पहिल्या दिवसापासून परकी भाषा येते. चार भाषांत व्यवहार करणाऱ्या समाजाला शाळेच्या नोंदीत मागास ठरवले जाते, हा त्या समाजाचा दोष नव्हे.

बांबूकाम हा कोलामांचा जुना आधार आहे. टोपल्या, सुपे, धान्याच्या कणग्या आणि घराच्या तट्ट्या ते विणतात आणि बाजारात विकतात. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाड मानल्यामुळे तो तोडणे वनखात्याच्या मर्जीवर राहिले होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात घेतला आणि तो गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वननिवासींना दिला. तथापि हा हक्क कागदावर येणे आणि विळा घेऊन निर्धास्तपणे रानात जाता येणे यांत मोठे अंतर आहे, विशेषतः जेथे ते रान व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. २०१२ मध्ये जाहीर झालेल्या कवाल व्याघ्र प्रकल्पाचे गाभाक्षेत्र सुमारे ८९३ चौरस किलोमीटर आहे. ताडोबा आणि टिपेश्वरकडून येणाऱ्या वाघांसाठी हे जंगल महत्त्वाचे आहे, यात शंका नाही. पण जून २०१९ मध्ये कागजनगर भागातील कोलामगोंदी या पाड्यातील ६७ कोलामांना घरांतून काढून वनखात्याच्या लाकूड आगारात ठेवण्यात आले, तेव्हा प्रकरण तेलंगणा उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि न्यायालयाने त्यांच्या निवाऱ्याची व जमिनीची व्यवस्था करण्यास सरकारला सांगितले. वाघाच्या रक्षणासाठी माणसाला असे वागवावे लागत असेल, तर त्या रक्षणाची पद्धतच तपासायला हवी.

केंद्र सरकार कोलामांना ‘विशेष असुरक्षित आदिवासी समूह’ मानते. असे ७५ समूह देशात असून महाराष्ट्रात कोलामांसह कातकरी आणि माडिया गोंड त्यांत येतात. या समूहांची घरे, पाणी, रस्ते आणि वीज यांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘पीएम-जनमन’ योजना जाहीर झाली असून तिची तरतूद सुमारे २४ हजार कोटी रुपये आहे. रस्ता आणि नळ हे पाड्याला हवेच आहेत. परंतु वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ङ) मध्ये अशा समूहांसाठी आणखी मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे अधिवासाचा हक्क. एकेका कुटुंबाच्या शेतापुरता हा हक्क मर्यादित नसून जमातीचा परंपरागत वावर असलेला संपूर्ण प्रदेश, त्यातील देवस्थाने, झरे, बांबूची बने आणि वाटा त्यात मोडतात. दावा मांडण्यासाठी कोणत्या डोंगरावर कोणत्या कुळाचा देव आहे, मोह कोठे वेचला जातो आणि पोडूचे जुने तुकडे कोठे होते, याची नोंद पाड्यातील वृद्धांच्या मुखातून आणि ग्रामसभेच्या साक्षीने करावी लागते. ही माहिती आजही मुख्यतः कोलामीतच सांगितली जाते. म्हणून दावे तयार करणाऱ्या पथकांत ती भाषा जाणणारी कोलाम तरुण मंडळी असणे आवश्यक आहे, आणि माहिती सांगणारी पिढी हयात आहे तोवरच हे काम नीट होऊ शकते.